तीनशे एक्कावन्न रुपयांचा भोपळा

नोव्हेंबरचा तिसरा रविवार. रक्कम रुपये तीनशे एक्कावन्न. वस्तू लाल भोपळा, नग एक, वजन अंदाजे सात किलो. हजर मोठी माणसं बत्तीस आणि पोरं अकरा, पाळकसाहेब धरून. देव हजर होता की नाही यावर पुढची अकरा वर्षं माझं मत ‘नव्हता’ असं होतं, म्हणून त्याला या आकड्यात धरलेलं नाही. माणसं श्रद्धा कशापायी सोडतात हे मी नंतर बरंच वाचलं. कोणाचं मूल जातं, कोणी दंगल बघतो, कोणी जाडजूड पुस्तकं वाचून शहाणा होतो. माझी श्रद्धा भोपळ्यापायी गेली. हे लिहायला लाज वाटते, पण आकडा आणि कारण, दोन्ही खोटं सांगायची मला सवय नाही.

शहापूरला आमची मंडळी एकोणीस घरांची. स्वतःचं देऊळ नव्हतं. बाजाराच्या मागे एक लांबट हॉल भाड्याने घेतला होता. त्यात आधी भाताची पोती ठेवत, त्यामुळे प्रार्थनेला गुडघे टेकले की उठताना गुडघ्याला तूस चिकटलेलं असे. पेटीच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. वाजवणाऱ्याला त्या पाठ होत्या आणि तो त्या चुकवून वाजवायचा, म्हणून आमच्या मंडळीतली सगळी गीतं तीन सूर वगळून बसलेली होती. मी पुढे मुरबाडला तीच गीतं पुऱ्या सुरांत ऐकली तेव्हा ती मला चुकीची वाटली. बाप्ये डावीकडे, बाया उजवीकडे, मधे चालण्यापुरती वाट. बाबा डावीकडे पहिल्या रांगेत. आई उजवीकडे अगदी मागे, कारण तिला बारीक कोरडा खोकला होता आणि उपदेश चालू असताना खोकणं तिला अपमान वाटायचं. अपमान कोणाचा, देवाचा की पाळकसाहेबांचा, हे तिने कधी सांगितलं नाही.

बाबा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. पगार महिना नऊशे. दिवसभर गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या, त्यामुळे घरातही प्रत्येक गोष्टीची पुडी व्हायची: मिठाची, खिळ्यांची, सुट्या पैशांची. पुडी उघडल्याशिवाय आत काय आहे हे आईलाही कळत नसे. सकाळी त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास, संध्याकाळी स्पिरिट आणि घाम. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं नाहीतर सुकट, आणि त्याआधी बाबांची प्रार्थना. ती प्रार्थना पावसापासून सुरू होऊन पंतप्रधानांवरून फिरत डॉक्टरांच्या प्रकृतीपर्यंत यायची, तोवर बिरड्यावर साय धरलेली असे. रविवारी आई मटण शिजवून, चुलीतले कोळसे बाजूला ओढून, मगच उपासनेला निघे. दीड तास सगळी मंडळी देवाची स्तुती करत असताना निम्म्या लोकांचं मन घरच्या पातेल्यात असायचं. माझं तर पूर्णच.

भात कापून झाला की आमच्याकडे उपकारस्तुतीचा सण. ज्याने जे पिकवलं ते आणून वेदीपुढे ठेवायचं. वाल, वांगी, काकड्या, नाचणी, पाय बांधलेला एखादा कोंबडा. बाजारात राहणाऱ्यांनी काहीच पिकवलेलं नसे, म्हणून ते साखर आणि साबणाच्या वड्या आणत. देवाने उगवलेल्या त्या साबणाबद्दल पाळकसाहेब गंभीर चेहऱ्याने आभार मानत. उपासना संपली की लिलाव. दहा रुपयांची वस्तू चाळीसला जायची, आणि जावी हीच रीत होती, कारण त्यातून हॉलचं भाडं आणि पाळकसाहेबांचा थोडा पगार निघे. पुकारायला योसेफकाका. ते सुतार होते आणि करवतीवरून बोलायची सवय असल्याने त्यांचा आवाज मोठा होता. वही लिहायला मी, कारण मी कॉमर्सला शेवटच्या वर्षाला होतो आणि मंडळीतल्या कोणालाही माझ्याएवढं मोठं गणित येत नाही असा समज होता. तो मीच पसरवलेला होता.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलं. बाप्यांसमोर बायांनी बोली बोलायची नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण एकीनेही तो मोडला नव्हता. ज्या बाईला काही घ्यायचं असेल तिने मार्थामावशीला खुणवायचं. मार्थामावशीचा नवरा रेल्वेत बुकिंग क्लार्क, तिचा आवाज योसेफकाकांच्या तोडीचा, आणि तिला गप्प करण्याची कोणाची छाती नव्हती. उजवीकडची बोली म्हणजे मार्थामावशीचा आवाज. त्यामागे कोण आहे हे वस्तू सुटल्यावर नाव लिहिताना कळायचं.

त्या वर्षी शेणवे गावची सकरूबाई भोपळा घेऊन आली होती. पावसाळ्यात तिचा नवरा तापाने गेला होता. ती डांबरी रस्त्यापर्यंत भोपळा डोक्यावर घेऊन चालली आणि तिथून बसमध्ये मांडीवर घेऊन आली, कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं असंही तिने सांगितलं. योसेफकाकांनी भोपळा वर उचलला आणि पाच रुपयांवर बोली उघडली. बाबांनी लगेच, पण पुढच्या रांगेपुरत्या आवाजात, अकरा म्हटलं आणि योसेफकाकांनी तो आकडा पुकारला, त्यामुळे अगदी मागे बोली कोणाची हे कळत नव्हतं. उजवीकडून मार्थामावशी पंधरा. बाबा एकवीस. मावशी पंचवीस. मी टेबलाशी, दोन्ही बाजूंकडे तोंड करून बसलेलो, आणि सगळ्या हॉलमध्ये दोन्ही बाजू दिसणारा मी एकटाच. एकतीसला मला दिसलं की मावशीच्या मागच्या रांगेतून एक बोट पुढे येतं, तिच्या कोपराला लागतं, आणि मग मावशी आकडा ओरडते. ते बोट आईचं होतं.

म्हणजे माझा बाप आणि माझी आई एकाच भोपळ्यासाठी एकमेकांविरुद्ध बोली बोलत होते. दोघांच्याही मनात सकरूबाईची कीव होती, दोघांनीही ती एकमेकांना सांगितलेली नव्हती, कारण सांगितलं असतं तर दुसऱ्याने पैशाचं विचारलं असतं. आमच्या घरात दोन दानशूर होते आणि हिशेब कळणारा एक होता, तो वही लिहीत बसला होता. एक्कावन्नला मी हसू दाबायला पेन्सिल चावली. एकशे एकला लोक माना वळवून बघायला लागले. बाबांचे कान लाल झाले होते. त्यांना वाटत होतं की रेल्वेवाल्याची बायको सरकारी पगाराचा तोरा मिरवते आहे, असं तरी मी तेव्हा धरून चाललो होतो. मी हात वर करून ‘बाबा, ती आई आहे’ एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. परीक्षेच्या फीचे तीनशे चाळीस रुपये घरात औषधाच्या जुन्या डब्यात पुडी करून ठेवलेले आहेत, बुधवार शेवटचा दिवस आहे, हे मला तिथे बसलेल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मी गप्प बसलो. इतकी गंमत मंडळीत कधी झालीच नव्हती.

आई तीनशे एक्केचाळीसला थांबली. बाबांनी तीनशे एक्कावन्नला भोपळा घेतला. नाव लिहिताना मार्थामावशी म्हणाली की मला कशाला हवा भोपळा, मी हिच्यासाठी बोलत होते, आणि बाजूला सरकली. मागे आई. बत्तीस मोठी माणसं आणि अकरा पोरं जे हसली, ते हसू मी नंतर कितीतरी दिवस ऐकत होतो. बाबाही हसले. आई हसली नाही.

इतर लोक लिलावाचे पैसे ईस्टरपर्यंत हप्त्याने देत. बाबांनी त्याच संध्याकाळी पुडी उघडली, अकरा रुपये आईच्या मसाल्याच्या डब्यातून घेतले आणि पैसे भरून आले. देवाची उधारी ठेवायची नाही हे त्यांचं तत्त्व होतं. फीसाठी डॉक्टरांकडून उचल घेऊ असं ठरलं, तर डॉक्टर चार दिवस गावाला गेलेले. मंगळवारी योसेफकाका आमच्या ओट्यावर आले आणि त्यांनी तीनशे चाळीस रुपये माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, देवाच्या माणसांचे पैसे मला नकोत. काकांनी हात मागे घेतला नाही. म्हणाले, “हे देवाचे नाय रे, पलंगाचे हायेत.” कोणाचा तरी पलंग त्यांनी त्याच आठवड्यात पुरा केला होता. मी तरीही घेतले नाहीत. आता या वयात तो हिशेब मांडतो तेव्हा स्पष्ट दिसतं की वर्ष मंगळवारी दुपारी गेलं, रविवारी नाही. पण रविवारवर ढकलण्यात जास्त सोय होती. रविवारी आरोपी खूप होते, मंगळवारी एकटा मी.

भोपळा नऊ दिवस पुरला. भाजी, भरीत, आमटी, घारगे, शेवटी भाजलेल्या बिया. दहाव्या दिवसापासून मी उपासनेला जाणं बंद केलं आणि पुढच्या वर्षी कॉलेजचंही नाव काढलं नाही. मुरबाडला एका भाताच्या गिरणीत लेखनिक म्हणून लागलो. तिथे मी नास्तिक म्हणून ख्याती मिळवायचा फार प्रयत्न केला. एस.टी. स्टँडवर घेतलेल्या दोन पुस्तिका वाचून मी सगळ्यांशी वाद घालायचो. धसईहून भात घेऊन येणारे शेतकरी माझं सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, ते सगळं ठीक, पण तुमच्या नाताळला गिरणी बंद असणार का? गिरणीतला माझा सोबती बौद्ध होता, त्याच्या बापाने विचार करून धर्म बदलला होता. मी कशापायी सोडला हे त्याने एकदा विचारलं. मी भोपळ्याचं सांगितलं. तो म्हणाला की हे बाहेर कोणाला सांगू नकोस. देवाला मी सोडलं होतं, पण मुरबाडने मला सोडलं नाही. आळीत माझं घर अकरा वर्षं ‘ख्रिश्चनाचं घर’ म्हणूनच ओळखलं जायचं, आणि पत्ता सांगताना मीही तेच सांगायचो.

लग्न एस्तेरशी झालं, ती मुरबाडच्याच मंडळीतली. मी नास्तिक आहे हे तिला आधी सांगितलं होतं. ती म्हणाली की स्कूटर चालवता येते ना. दर रविवारी मी तिला देवळाच्या कोपऱ्यावर सोडायचो आणि समोरच्या टपरीवर बसायचो. सव्वा तास, दोन चहा, एक पेपर. म्हणजे त्या अकरा वर्षांतल्या नंतरच्या सहा वर्षांत मी जवळपास प्रत्येक उपासनेला हजर होतो, फक्त रस्त्याच्या पलीकडे.

महिन्यातून एकदा आम्ही शहापूरला जायचो. बाबा जेवणाआधी प्रार्थना करायचे, बाकीचे डोळे मिटायचे, मी डोळे उघडे ठेवून जेवायला सुरुवात करायचो. त्यांचं आमेन येईपर्यंत माझी एक भाकरी संपलेली असे. ते कधीच काही बोलले नाहीत. उलट मटणाचं पातेलं माझ्या हाताला येईल असं आधीच सरकवून ठेवायचे. माणूस बंडखोर असेल तर घरच्यांनी निदान चिडायला तरी हवं. आमच्या घरी तेवढीही सोय नव्हती.

मग एका मे महिन्यातल्या रविवारी बाबांचा घसा बसला. दुपारची वेळ, ताटं वाढलेली, पंखा गरम हवा फिरवत होता. बाबांनी आईला खूण केली. आई माझ्यासमोर मोठ्याने प्रार्थना करते आहे असं त्या अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं. तिने वाणसामानाची यादी सांगावी तशी सुरुवात केली. पाऊस वेळेवर येऊ दे. डॉक्टरांच्या पोरीचं जमू दे. सकरूबाईचा गुडघा बरा कर. एस्तेरला सुख दे. आणि त्याच आवाजात, मधे श्वासही न घेता, “आनि माझ्या हट्टापायी माझ्या पोराचं वरीस गेलं, त्याची मला क्षमा कर.” हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती हे लगेच कळत होतं. वाक्य वापरून गुळगुळीत झालं होतं.

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. मी अकरा वर्षं गिरणीच्या वह्या लिहिल्या आहेत. एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याचं पोतं चढलं तर मी रात्री झोपत नाही, दुसऱ्या दिवशी सायकल काढून त्याच्या गावी जातो. आणि इथे माझ्या आईच्या नावावर माझी नोंद अकरा वर्षं चढलेली होती, ती रोज त्या नोंदीची माफी मागत होती, आणि मी शेजारी बसून मटण खात होतो.

“आई, थांब,” मी म्हटलं. आमच्या घरात प्रार्थना कोणी थांबवत नाही. दूध उतू गेलं तरी नाही. आईने डोळे उघडले.

मी सांगितलं. बोट दिसलं होतं, एकतीस रुपयांपासून माहीत होतं, चार शब्दांचं काम होतं, आणि योसेफकाकांचे पैसेही मीच नाकारले. शेवटचं तिला ठाऊकच नव्हतं. काकांनी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

“मग बोलला का नाय?” आईने विचारलं.

“मजा येत होती.”

तिने जोडलेले हात सोडले. मग बाबा बसलेल्या घशातून म्हणाले, “मला पन एकशेएकला कळलंतं.”

“काय कळलंतं?”

“तूच हाय म्हनून. दर बोलीनंतर खोकत व्हतीस. तुझं खोकनं मला वळखू येत नाय काय गो?”

“आनि तरी तुमी थांबला नाय?”

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. “ती सकरूबाय बघत व्हती. भोपळ्याकडं नाय, आपल्याकडं. तिचा मानूस गेल्यापासनं कोनी तिच्या वस्तूला एवढं मागितलं नव्हतं. मला थांबवंना. पोराची फी आठवली नाय. खोटं कशाला बोलू. आठवली ती पैसे मोजताना.”

एस्तेर म्हणाली, “म्हणजे ठाऊक दोघांना होतं, आणि माफी तिसरीच मागत होती.”

बाबांनी पुन्हा पाण्याचा पेला उचलला. आई मात्र हसली. आधी बारीक, मग खोकला लागेपर्यंत. पाणी पिऊन झाल्यावर तिने पुन्हा डोळे मिटले, कारण आमेन राहिलं होतं आणि त्याशिवाय कोणाला जेवता येणार नव्हतं. पाऊस, डॉक्टर, सकरूबाई, एस्तेर असं करत ती त्या ठिकाणी आली आणि अडली. पुढे म्हणायला काही नव्हतं. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. “आता इथं मी काय मागू?” मग म्हणाली, “तूच बोल.”

मी अकरा वर्षांनी बोललो. त्याला प्रार्थना म्हणावं की अर्ज, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं की प्रभू, आईच्या नावावर जे चढलं आहे ते माझ्या नावावर घे, आमेन. आई म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, मटण थंड होतंय.

प्रकाश दिसला नाही, अंगावर काटा आला नाही. स्कूटरवरून मुरबाडला परत येताना एवढंच डोक्यात होतं की नोंद बदलून मागायची तर पलीकडे कोणीतरी वही घेऊन बसलेलं असावं लागतं. मी मागितली होती, आणि मागताना पलीकडे कोणी नाही असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. माझ्या दोन पुस्तिकांत यावर काही उत्तर नव्हतं. तसं ते मी शोधलंही नाही.

जूनमध्ये मी शहापूरच्या मंडळीत नाव परत घालण्यासाठी पंचांपुढे उभा राहिलो. पाळकसाहेब आता नवीन होते, तरुण, घाटावरचे. पंचांनी विचारलं, काही आजारपण झालं का? नाही. अपघात? नाही. स्वप्न, दर्शन? मी म्हटलं, जेवत होतो. त्यांचा चेहरा पडला. साक्ष म्हणून मंडळीपुढे सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही असं त्यांना वाटलं असावं. तरी मी रविवारी उभा राहून सगळं आकड्यांसकट सांगितलं. लोक पुन्हा हसले, तसेच, तेवढेच. मार्थामावशी बाहेर आल्यावर म्हणाली की मेल्या, माझा घसा फुकट गेला ना त्या दिवशी. योसेफकाकांनी आतच, साक्ष संपल्यावर, त्यांच्या बाकावर मला जागा करून दिली होती.

प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढे गुडघे टेकून घ्यायचा भाकरीचा तुकडा, मात्र मिळेना. नियम असा की सभासदाची वर्गणी चुकती नसेल तर भोजनाला बसता येत नाही. खजिनदार म्हणाले की अकरा वर्षांची बाकी आहे, वर्षाला चोवीस रुपये. मी नव्हतोच तर वर्गणी कसली, असा वाद मी घालू शकलो असतो, आणि माझ्या मते तो मी जिंकलोही असतो. तेवढ्यात बायांच्या बाजूने आई वाट ओलांडून आली आणि सगळ्या बाप्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणाली, “किती व्हतात? मी देते.” तिने कनवटीची पुडी सोडायलाही घेतली. मी तिचा हात धरला. म्हटलं, हे माझ्या नावावरचं आहे. खजिनदारांना मी दोनशे सत्तर रुपये दिले. सहा रुपये सुटे नाहीत, दानपेटीत टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं आणि त्यांनी शेजारच्या दुकानातून सुटे आणेपर्यंत उभा राहिलो. सगळी मंडळी भाकर आणि द्राक्षरस समोर ठेवून थांबली होती. सहा रुपये मोजून खिशात घातले, पावतीवर नाव माझंच आहे हे बघून घेतलं, आणि मग बाबांच्या शेजारी गुडघे टेकले. एकूण दिले दोनशे चौसष्ट रुपये फक्त, शहापूर मंडळीच्या खजिनदारांना, माझ्या नावे.